सरकारी जंगलातल्या कामावर देखरेख: नव्या सुपरवायझरसाठी पहिल्या दिवसापासून

सुपरवायझर म्हणून माझा दुसराच महिना होता. विरळणीचं, म्हणजे दाट जंगलातली काही निवडक झाडं तोडायचं काम चालू होतं. सकाळी जंगलात पोचलो तर ढोलीचं एक जुनं झाड आडवं पडलेलं. ते राखायचं ठरलं होतं, कारण त्या ढोलीत दरवर्षी पक्षी घरटं करायचे. कापणाऱ्याची चूक नव्हती. झाडावर पिवळा पट्टा होता आणि पिवळा म्हणजे तोडायचं, असं त्याला सांगितलं होतं. तो पट्टा मात्र दोन वर्षांपूर्वीच्या पाहणीतला. तेव्हा पिवळा म्हणजे राखायचं असं ठरलेलं. काम सुरू व्हायच्या आधी जुन्या खुणा पुसून घेणं माझ्याकडे होतं आणि मी ते केलं नव्हतं.

झाड एकदा पडलं की सुपरवायझरच्या हातात काही उरत नाही. म्हणून या लेखात करवत सुरू होण्याआधीच्या कामावर मी जास्त लिहिलं आहे. नवीन माणसाला वाटतं, देखरेख म्हणजे काम चालू असताना उभं राहून बघणं. ते तर करायचंच, पण तोवर निम्म्याहून जास्त गोष्टी ठरून गेलेल्या असतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. खाजगी जंगलात मालक येतो, बघतो, चुकलं तर ओरडतो. सरकारी जंगलाचा मालक असा समोर येत नाही. तो सकाळी फिरायला येणाऱ्यांत असतो, वाटेवरून शाळेत जाणाऱ्या पोरांत असतो आणि चाळीस वर्षांनी त्या झाडांखाली उभे राहणाऱ्यांतही असतो. त्यांच्या वतीने बघणारं माणूस म्हणून तुम्ही तिथे असता.

आधी कागद, मग पाय

कामाचा आदेश, कराराच्या अटी आणि नकाशा नीट वाचा. तीन प्रश्नांची उत्तरं तुम्हाला तोंडपाठ हवीत: काय तोडायचं, काय राखायचं आणि हे काम कशासाठी चाललं आहे. तिसरा प्रश्न लोक वगळतात. विरळणी उरलेल्या झाडांना जागा मिळावी म्हणून आहे, की रोगट झाडं काढायची आहेत, की वाटेवर पडू शकणारी धोकादायक झाडं पाडायची आहेत, हे ठाऊक नसेल तर जागेवर अचानक आलेला प्रश्न सोडवता येत नाही. दोन सारख्या झाडांपैकी कोणतं ठेवू, असं कापणारा विचारतो तेव्हा नकाशा उत्तर देत नाही. कामाचा हेतू देतो.

मग चालायला लागा. सगळी हद्द पायी फिरा, आणि शक्य असेल तर दोनदा: एकदा कोरड्यात, एकदा पाऊस पडून गेल्यावर. पावसानंतर जे दिसतं ते कोरड्यात दिसत नाही. पाणी कुठून वाहतं, कुठे साचतं, कुठल्या उतारावर पाय रुततो, यावरून यंत्र कुठून न्यायचं ते ठरतं.

फिरताना वरही बघा. वाळलेल्या फांद्या, एकात एक गुंतलेले शेंडे, विजेच्या तारा. खाली बघा: खड्डे, जुन्या विहिरी, गवतात लपलेल्या तारांचं कुंपण. ढोलीची झाडं, घरटी, प्राण्यांची बिळं नकाशावर नोंदवा. पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात काही भागात काम थांबवावं लागतं. त्या तारखा आधी विचारून घ्या, कारण ठेकेदाराची माणसं आणि यंत्रं एकदा आली की एकेक दिवस थांबवणं जड जातं.

चालतानाच मोबाइल अधूनमधून बाहेर काढून सिग्नल कुठे आहे आणि कुठे नाही ते बघा आणि नकाशावर लिहा. अपघात झाला तर मदत मागायला कुणाला किती पळावं लागेल, ते या नोंदीवरून कळतं.

खुणा

खुणांचा नियम एकच ठेवा आणि तो लिहून ठेवा. तोडायच्या झाडाला एक रंग, राखायच्या झाडाला वेगळा, हद्दीला तिसरा. आधीच्या कामातल्या खुणा असतील तर काळ्या किंवा करड्या रंगाने झाकून टाका. पट्टा खोडाच्या दोन बाजूंना हवा, म्हणजे कापणारा कुठूनही आला तरी दिसेल. तोडायच्या झाडाच्या बुंध्यालाही, जमिनीलगत, एक ठिपका द्या. झाड गेल्यावर खुंटावर तो ठिपका राहतो आणि हे झाड खुणेचं होतं का, हे नंतरही तपासता येतं. ठिपका नसलेला खुंट दिसला की त्याच दिवशी विचारा. आठवड्यानंतर विचारलं तर कुणालाच आठवत नाही.

विरळणीत खूण करताना मी आधी राखायची झाडं निवडतो. सरळ, निरोगी, भरल्या शेंड्याचं झाड दिसलं की ते पक्कं करायचं आणि मग त्याला कोण दाबतंय ते बघायचं. उलट पद्धतीने, म्हणजे वाईट झाडं शोधत गेलात, तर जंगल कुठे उघडं पडतं आणि कुठे दाटच राहतं. निवडताना मान वर करून शेंडे बघा. झाडांची खरी स्पर्धा वर, उजेडासाठी चाललेली असते. खालून नुसती खोडं बघून ती कळत नाही.

मोजमाप

उभ्या झाडाचं माप छातीच्या उंचीवर घेतात. बऱ्याच देशांत ही उंची जमिनीपासून १.३ मीटर धरतात, काही ठिकाणी १.३७ मीटर. तुमच्याकडे कोणती धरतात ते विचारून तेवढ्या लांबीची एक काठी कापून ठेवा. उतारावर चढाच्या बाजूला उभं राहून मोजायचं. झुकलेल्या झाडावर उंची खोडाला धरून घ्यायची, हवेतल्या उभ्या रेषेत नाही. फीत खोडाला काटकोनात बसली पाहिजे. वेल किंवा सुटलेली साल मध्ये आली तर आधी बाजूला करा.

घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. १२६ सेंटिमीटर घेर म्हणजे ४० सेंटिमीटर व्यास. कापलेल्या ओंडक्याचं घनफळ काढायची सोपी रीत म्हणजे मधोमध व्यास मोजायचा, त्यावरून छेदाचं क्षेत्रफळ काढायचं आणि लांबीने गुणायचं. मध्याला ३० सेंटिमीटर व्यास आणि लांबी ४ मीटर असेल तर घनफळ साधारण ०.२८ घनमीटर येतं. आता गंमत म्हणून नव्हे, काळजी म्हणून बघा: तोच व्यास चुकून ३३ लिहिला तर घनफळ २१ टक्क्यांनी वाढतं, कारण व्यासाचा वर्ग होतो. तीन सेंटिमीटर म्हणजे फितीचा एक सैल वेढा. सरकारी लाकडाच्या हिशेबात सगळ्यात जास्त गळती किंवा फुगवटा इथे होतो, आणि बहुतेक वेळा कुणाच्या वाईट हेतूशिवाय होतो. साल धरून मोजायचं की साल सोडून, हेही पहिल्याच दिवशी ठेकेदाराबरोबर लेखी ठरवा.

झाडाची उंची अंदाजायची एक जुनी युक्ती रोज उपयोगी पडते. हात सरळ लांब करा. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर आहे, तेवढा काठीचा भाग मुठीच्या वर उभा धरा. आता मागे मागे जा, मुठीवर झाडाचा बुंधा आणि काठीच्या टोकावर शेंडा दिसेपर्यंत. तुम्ही उभे आहात तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. सपाट जमिनीवर हे चांगलं जमतं. उंची कळली की सुरक्षित अंतरही लगेच कळतं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

ठेकेदार आणि टोळीबरोबर पहिली बैठक

ही बैठक ऑफिसात घेऊ नका. जागेवर, उभ्याने घ्या आणि फक्त ठेकेदाराबरोबर घेऊ नका. मुकादम, कापणारे, यंत्र चालवणारे, सगळे हवेत. हद्दीवरून त्यांच्याबरोबर चाला. राखायची झाडं, ओढा, तारा, वाट हे हाताने दाखवा.

करवत चालवणाऱ्याचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र बघा. करवत हातात घेऊन साखळीचा ब्रेक लागतो का, साखळी थांबते का, ते समोर करून दाखवायला सांगा. प्रथमोपचाराची पेटी उघडून बघा. रक्तस्राव थांबवायची मोठी पट्टी त्यात आहे का? साखळीची जखम खोल आणि फाटलेली असते, लहान बँडेजने तिथे काही होत नाही. तशी एक पट्टी प्रत्येक कापणाऱ्याच्या अंगावरही हवी, कारण पेटी गाडीत असते आणि माणूस दोनशे मीटर आत.

अपघात झाला तर काय करायचं, हे एका कागदावर लिहा: जागेचे अक्षांश-रेखांश, गाडी येऊ शकेल असं जवळचं ठिकाण, तिथे कोण उभं राहणार, फोन कुठून लागतो. कागद सगळ्यांना द्या आणि मग टोळीतल्या सगळ्यात नव्या माणसाला विचारा, 'सांग बघू, तुझा जोडीदार जखमी झाला तर तू काय करशील?' तो अडखळला तर पुन्हा समजावून सांगा. मजुरांची भाषा वेगळी असेल तर सांगणारा मधला माणूस पक्का करा. मान डोलावली म्हणजे कळलं, असं धरून चालू नका.

एकट्याने करवतीचं काम करू द्यायचं नाही. हाक ऐकू जाईल किंवा ठरल्या वेळी संपर्क होईल, असा दुसरा माणूस हवाच.

तोड चालू असताना

इथे जरा थांबून वाचा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने वनकामातल्या सुरक्षिततेवर वेगळी आचारसंहिता १९९८ मध्ये काढली. जंगलतोडीचं काम जगात सगळीकडे सर्वात धोक्याच्या कामांत मोडतं.

पहिला नियम अंतराचा. झाड पडत असताना कापणाऱ्याशिवाय कुणीही झाडाच्या उंचीच्या दुपटीच्या आत नको. २४ मीटर उंचीचं झाड असेल तर ४८ मीटर. सुपरवायझरही नको. मी नवीन असताना कापणाऱ्याच्या पाठीशी जाऊन उभा राहायचो, जवळून बघणं म्हणजे चांगली देखरेख अशा समजुतीने. एका म्हाताऱ्या मुकादमाने मला हाताला धरून बाजूला नेलं आणि म्हणाला, 'साहेब, तो झाड बघू का तुम्हाला बघू?' तेव्हापासून मी लांबून बघतो, जवळ जायचं असेल तर आधी त्याची नजर माझ्याकडे वळेपर्यंत थांबतो आणि करवत बंद झाल्यावरच पुढे पाऊल टाकतो.

कापणाऱ्याने काप घ्यायच्या आधी बुंध्याभोवतीची झुडपं काढली का? पळायची वाट मोकळी केली का? ही वाट झाड पडणार त्या दिशेच्या मागच्या बाजूला, तिरकी, साधारण ४५ अंशांवर असते. सरळ मागे पळायचं नसतं, कारण बुंधा उसळून मागे येऊ शकतो.

कामाचा दर्जा बघायला खुंट वाचायला शिका. हे मला फार उशिरा कळलं, तुम्ही पहिल्या आठवड्यात शिका. झाड पाडताना आधी पडायच्या बाजूला खाच घेतात, साधारण व्यासाच्या एक-चतुर्थांश खोल. मग मागून काप घेतात, पण तो खाचेपर्यंत नेत नाहीत. मध्ये लाकडाची एक पट्टी ठेवतात. तिला बिजागरी म्हणा, कारण ती तेच काम करते: झाड तिच्यावर वळत ठरलेल्या दिशेला जातं. तिची जाडी व्यासाच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या झाडाला ४ सेंटिमीटर.

झाड पडल्यावर खुंटावर गुडघे टेकून बसा. दोन गुळगुळीत कापांच्या मध्ये तुटलेल्या तंतूंचा खरखरीत पट्टा दिसेल. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या जाडीचा असेल तर माणसाचा हात पक्का आहे. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे निमुळता असेल तर विचारा: झाड मुद्दाम वळवायचं होतं, की करवत तिरकी गेली? पट्टाच नसेल, खुंट सगळा गुळगुळीत असेल, तर कापणाऱ्याने बिजागरी कापून टाकली आणि झाड पडलं तेव्हा ते कुणाच्याच ताब्यात नव्हतं. त्या दिवशी काही झालं नाही हे नशीब. असा खुंट दिसला की काम थांबवून बोला. संध्याकाळपर्यंत थांबू नका. दहा खुंट वाचले की टोळीत कुणाला सोपी झाडं द्यायची आणि कुणाला अवघड, हे कुणी सांगायची गरज राहत नाही.

पडायच्या दिशेला आधीच खूप झुकलेलं झाड वेगळं वागतं. मागून साधा काप घेत गेलं तर खोड मध्येच उभं चिरतं आणि चिरलेला मागचा भाग वर उसळतो. अशा झाडाला खोडात आरपार करवत घुसवून आधी बिजागरी तयार करतात आणि मागे थोडं लाकूड शेवटपर्यंत धरून ठेवतात. हे तंत्र ज्याला येतं त्यालाच ते झाड द्या.

अडकलेलं झाड, म्हणजे पडता पडता दुसऱ्याच्या फांद्यांत टेकून राहिलेलं, हा माझ्या मते जंगलातला सगळ्यात फसवा धोका आहे. ते स्थिर दिसतं. त्याखालून जायचं नाही. ज्यावर ते टेकलंय ते झाड कापायचं नाही. त्यावर दुसरं झाड पाडायचं नाही. आणि ते तसंच सोडून जेवायला जायचं नाही. विंच (दोर गुंडाळून ओढणारं साधन) किंवा यंत्राने बुंधा मागे ओढून ते खाली आणायचं. तोवर त्या भागात कुणालाही जाऊ द्यायचं नाही, पट्टी बांधून वाट अडवायची. दिवसाचं काम उरकायची घाई असते तेव्हाच झाड अडकतं, असा अनुभव आहे. त्या घाईला आवर घालायचा अधिकार तिथे फक्त तुमच्याकडे असतो, तो वापरा.

वादळाने उन्मळलेल्या झाडांत आणखी जपा. मातीसकट उपटलेल्या मुळांची थाळी उभी राहिलेली असते. खोड कापलं की ती मागे आपल्या खड्ड्यात आदळते, कधी बराच वेळ थांबून. तिच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही. वाकून ताणलेल्या खोडात एक बाजू दाबलेली आणि दुसरी ओढलेली असते, आणि चुकीच्या बाजूने कापलं तर करवत अडकते किंवा लाकूड तडकून माणसाला लागतं.

अंगावरच्या साधनांबद्दल थोडक्यात. हेल्मेट, डोळ्यांवर जाळी, कानांवर संरक्षण, बूट, हातमोजे आणि करवतीची पँट. या पँटच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की ते बाहेर ओढले जाऊन दात्यांत गुंततात आणि साखळी थांबते. एकदा असं झालं की पँट बाद. शिवून पुन्हा वापरलेली दिसली तर बदलायला लावा. करवतीचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानांच्या बाबतीत तडजोड नको. कंपनांनी बोटं पांढरी पडायला लागतात, मुंग्या येतात आणि हा आजार एकदा बळावला की मागे फिरत नाही. कुणी बोटं चोळताना दिसला तर त्याला विचारा, काम बदलून द्या. करवतीच्या पट्टीच्या, म्हणजे जिच्याभोवती साखळी फिरते तिच्या, टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की करवत उसळून तोंडाकडे येते. टोकाने फांद्या कापायची सवय कुणाला असेल तर ती लगेच मोडा. इंधन भरताना करवत थंड झालेली हवी, आणि भरलेल्या जागेपासून काही पावलं दूर जाऊनच ती सुरू करायची.

वारा वाढला तर थांबवा. किती वाढला म्हणजे? शेंडे हलताना कापणाऱ्याला झाडाचा कल ठरवता येईना, इतका वाढला की बास.

यंत्रं, माती आणि पाणी

जंगलाचं सगळ्यात टिकाऊ नुकसान झाडं तोडून होत नाही, माती दाबून होतं. जड यंत्राच्या पहिल्या काही फेऱ्यांतच मातीची बरीचशी पोकळी दबून जाते. पुढच्या फेऱ्यांत त्यात थोडीच भर पडते. म्हणून यंत्राने सगळीकडे थोडंथोडं फिरण्यापेक्षा ठरलेल्या वाटांवरूनच पुन्हा पुन्हा जाणं बरं. या वाटा तुम्ही आखा आणि रंगवून ठेवा. तोडलेल्या फांद्या याच वाटांवर पसरायला सांगा, चाकांखाली गादी होते.

चाकोरी खोल जायला लागली, तिच्यात पाणी उभं राहिलं, बाजूची माती वर उचलली गेली, की त्या वाटेवरचं काम थांबवा. ठेकेदार म्हणेल, आणखी चारच फेऱ्या. त्या चार फेऱ्यांची चाकोरी पुढच्या पावसात ओघळ होते.

ओढ्याच्या काठाला रुंद पट्टा सोडा, त्यात यंत्र नको, इंधनही नको. ओढा ओलांडायचाच असेल तर तात्पुरता पूल किंवा ओंडक्यांची वाट करून, ठरलेल्या एकाच जागी. तेल शोषणाऱ्या चटया प्रत्येक यंत्रावर असाव्यात. हायड्रॉलिकची नळी फुटली तर आधी यंत्र बंद, मग तेल पाण्याकडे जाण्यापासून अडवणं, मग फोन, हा क्रम चालकाला पाठ हवा.

ओंडके ओढून न्यायच्या वाटेच्या वळणावर उभी झाडं सोलून निघतात. वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर तोडायचं एखादं झाड मुद्दाम शेवटपर्यंत उभं ठेवा. ओंडके त्याला घासत जातात, मागची राखायची झाडं वाचतात आणि काम संपताना ते झाड पाडायचं. एवढ्या साध्या युक्तीने मी कितीतरी चांगली खोडं वाचलेली बघितली आहेत.

लोक

सार्वजनिक जंगलात लोक येणारच. फलक काम सुरू व्हायच्या दिवशी लावू नका, दोन आठवडे आधी लावा. त्यावर 'प्रवेश बंद' एवढंच लिहू नका. काय काम आहे, का आहे, किती दिवस चालेल, कुठल्या पर्यायी वाटेने जायचं आणि कुणाला विचारायचं, हे लिहा. पर्यायी वाट स्वतः चालून बघा. ती चिखलाची किंवा फार लांबची असेल तर लोक फलक ओलांडून आत येतात. वाट वापरात असतानाच जवळचं झाड पाडायचं असेल तर दोन्ही टोकांना माणूस उभा करा. कुणी आत शिरलंच तर करवती बंद. त्याला बाहेर सोडून आल्यावरच पुन्हा सुरू.

रागावलेली माणसं भेटतील. 'चांगलं झाड का तोडता?' हा प्रश्न मला शेकडो वेळा आला आहे, आणि मला तो आवडतो. ज्याला त्या झाडाचं काही वाटतं तोच विचारतो. त्याला उभ्या उभ्या वाटेला लावू नका. शेजारच्या झाडाचा दबलेला शेंडा दाखवा, एखाद्या खुंटावरची वलयं दाखवा: सुरुवातीला रुंद आणि गर्दी झाल्यावर अरुंद होत गेलेली. सगळ्यांना पटत नाही, पण बघितल्यावर बोलण्याचा सूर बदलतो.

रचलेल्या ओंडक्यांच्या थप्पीवर पोरं चढतात. थप्पी सपाट जागी, वाटेपासून लांब आणि कमी उंचीची असावी. टोकांना सरकणार नाही अशी अडवलेली असावी. धोक्याचा फलक दोन्ही बाजूंना लावा.

वही

रोजची डायरी त्याच दिवशी, जागेवरच लिहा. हजेरी, हवामान, कुठल्या भागात काम झालं, काय थांबवलं आणि का, कुणाला काय सांगितलं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीची पावती, नग आणि घनफळासह. फोटोत ओळखू येईल असं काहीतरी शेजारी ठेवा, नाहीतर महिन्याभराने सगळे खुंट सारखेच दिसतात. मोजल्याशिवाय सही नाही. ओळखीच्या ठेकेदारालाही नाही. कुणी म्हणेल, सरकारी लाकूड आहे, एक-दोन ओंडक्यांनी काय होतं. तेव्हा वाद घालत बसू नका, फीत काढा आणि तेही मोजून वहीत लिहा.

लागवड आणि शेवटची फेरी

तोडीनंतर लागवड असेल तर रोपांकडे जाताना मुळांकडे बघा. उघडी मुळं उन्हात आणि वाऱ्यात थोड्याच वेळात सुकतात आणि रोप वरून हिरवंच दिसत राहतं. लावायच्या क्षणापर्यंत मुळं झाकलेली आणि ओली हवीत. खड्ड्यात मुळं वर वळली तर रोप जगतं, वाढतं आणि काही वर्षांनी वाऱ्याला पडतं. म्हणून दिवसातून चार-पाच रोपं उकरून बघा. लावलेल्या रोपाचं एक पान चिमटीत धरून हलकेच ओढा. पान तुटलं आणि रोप जागचं हललं नाही तर माती नीट दाबली आहे.

२ मीटर बाय २ मीटर अंतराने एका हेक्टरमध्ये २,५०० रोपं बसतात. सगळी मोजत बसायची गरज नाही. ५.६४ मीटर लांबीची दोरी घ्या, एक टोक खुंटीला बांधा आणि वर्तुळ फिरा. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ १०० चौरस मीटर होतं. आतली रोपं मोजून १०० ने गुणलं की हेक्टरचा आकडा आला. जागा आधी नकाशावर ठरवा, जागेवर गेल्यावर नाही, नाहीतर पाय आपोआप चांगल्या दिसणाऱ्या तुकड्याकडे वळतात. पहिल्या वर्षानंतर हीच मोजणी पुन्हा करा आणि मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरून घ्या. तण काढायचं वेळापत्रक लागवडीच्या करारातच असू द्या. रोपं मरतात ती बहुधा लावल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत, गवताखाली, कुणी बघत नसताना.

काम संपलं असं ठेकेदाराने सांगितलं की त्याला बरोबर घेऊन शेवटची फेरी मारा, पहिल्या दिवशी चाललात त्याच हद्दीवरून. उतारावरच्या वाटांवर पाणी बाजूला काढणारे तिरके चर घेतले का? ओढ्यात फांद्या राहिल्या का? सोललेली झाडं किती, अडकलेलं एखादं राहून गेलं का, डबे, तारा, दोर उचलले का? जे राहिलं ते यादीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. यादी पूर्ण झाली की फलक काढा, पट्ट्या सोडा आणि वाट मोकळी करून एकदा स्वतः तिच्यावरून चालत बाहेर या.